कावेरीच्या कोपराचा अहवाल

जयनगरच्या आमच्या इमारतीत लोक माझ्याकडे गुडघे घेऊन येतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लिफ्टमध्ये कुणी ना कुणी पाय पुढे करतंच. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही, हे सांगून सांगून मी इतकी कंटाळले आहे की हल्ली 'जिने कमी चढा' एवढं सांगून मोकळी होते. शिक्षणाने मी मेकॅनिकल इंजिनियर. लग्न होऊन सांगलीहून बंगळुरूला आले, काही वर्षं एका सरकारी कारखान्यात यंत्रांची थरथर मोजली, आणि मग खेळाडूंच्या हालचाली मोजणाऱ्या प्रयोगशाळेत गेले ती तिथूनच निवृत्त झाले. यंत्र आणि माणूस यांत मला एवढाच फरक जाणवला, की मोजत असताना यंत्र आपल्या तोंडाकडे बघत नाही.

काम सांगायला सोपं आहे. खेळाडूच्या अंगावर बोराएवढे राखाडी गोळे दुहेरी चिकटपट्टीने लावायचे: खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा. खोलीच्या भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे. या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त गोळे दिसतात. पडद्यावर काळोखात पांढरे ठिपके नाचतात, ते रेघांनी जोडले की काड्यांचा माणूस तयार होतो, आणि कुठला सांधा कुठल्या क्षणी किती वाकला ते कॉम्प्युटर सांगतो. जमिनीत एक फळी बसवलेली असते; तिच्यावर पाय पडला की तो किती जोराने पडला ते कळतं. ही फळी कुठे आहे ते खेळाडूला सांगायचं नसतं. एका लांब उडीवाल्याला आम्ही सुरुवातीच्या काळात ते सांगून बसलो, तर तो गडी फळीवर नेमका पाय पडावा म्हणून पाटावर बसायला निघालेल्या जावयासारखा जपून पावलं टाकायला लागला. त्यानंतर आम्ही सगळीकडे एकाच रंगाचं जाजम घातलं. आयुष्यात मी सगळ्यांत जास्त खोटं बोलले असेन ते त्या फळीबद्दल.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक वजन उचलणारा पैलवान पायांवरचे केस काढायला तयार होईना, आणि केसांवर गोळे टिकेनात. बहिणीच्या लग्नात धोतर नेसायचंय, लोक काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न. शेवटी चाचणी लग्नानंतर घेतली. कॉम्प्युटर कंपनीतले एक साहेब पळण्याच्या बुटांचे सहा जोड घेऊन आले, यांतला माझ्या गुडघ्याला कुठला चांगला ते सांगा म्हणाले. सगळा दिवस मोजून आम्ही सांगितलं की सहाही सारखेच आहेत. त्यांनी आमचे आभार मानले आणि जाऊन सातवा घेतला.

हे सगळं हसण्यावारी नेण्याजोगं. पण या धंद्याची खरी मेख गोळ्याच्या जागेत आहे. गोळा हाडावर लागला पाहिजे, मांसावर नाही. हाड डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांनी चाचपून शोधावं लागतं. माझी बोटं यात तयार होती, आणि मला त्याचा गर्व होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेच्या दारावर मी स्वतः टाईप करून एक नियम लावला होता: एक खेळाडू, एकच हात. म्हणजे पहिल्या चाचणीला ज्याने गोळे लावले, त्यानेच त्या खेळाडूला पुढच्या प्रत्येक चाचणीला लावायचे. कारण माझं बोट आणि माझा सहकारी गिरीश याचं बोट यांत थोडा तरी फरक पडणार. मग सहा महिन्यांनी आकडा बदलला तर खेळाडू बदलला की बोट बदललं, ते कळायचं कसं? नियम चोख होता. दुसऱ्या गावच्या लोकांनीही तो आमच्याकडून उचलला. याच नियमाच्या आधाराने मी एका मुलीचे आठ महिने खाल्ले, त्याची ही हकिगत.

कावेरी जाधव तेव्हा वीस वर्षांची होती. ऑफस्पिन टाकायची, आणि तिचा चेंडू असा वळायचा की समोरच्या मुली बॅट घेऊन नुसत्या बघत राहायच्या. एका सामन्यात पंचांनी तिच्या हाताबद्दल शंका घेतली. नियम असा आहे, की हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. तेवढं साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शंका आली की खेळाडू आमच्यासारख्यांकडे पाठवतात. पंधराच्या आत असेल तर टाका. वर असेल तर हात सुधारेपर्यंत गोलंदाजी बंद.

ऑगस्टमध्ये ती वडिलांबरोबर आली. शंकरअण्णांचं चिकपेटला अस्तराच्या कापडाचं घाऊक दुकान. साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांतले ते. घरात मराठी बोलतात, पण निम्मे शब्द कानडी. मला पाहिल्याबरोबर मी मराठी आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी मला अक्का करून टाकलं. मी गोळे लावायला घेतले तेव्हा ते दारात उभे राहून काहीतरी सांगायला लागले, "अक्का, स्वल्प ऐका, तिच्या हाताचं..." आणि मी त्यांना मध्येच थांबवलं. नातेवाइकांनी आत बोलायचं नाही, ही आमची शिस्त. प्रत्येक बापाला आपल्या मुलीच्या हाताबद्दल काहीतरी सांगायचं असतंच. मी त्यांना नम्रपणे बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

अठरा अंश. एकदा नाही, दर चेंडूला सतरा-अठराच्या आसपास. अहवालावर मी सही केली. कावेरीची गोलंदाजी बंद झाली.

पुढचे आठ महिने ती काय करत होती ते मला नंतर कळलं. बसवनगुडीतल्या एका मैदानावर रोज सकाळी कोपराला पट्टी बांधून ती रिकामा हात फिरवायची. प्रशिक्षकाने तिचा पुढचा पाय बदलला, खांदा बदलला, धाव कमी केली. एप्रिलमध्ये ती फेरचाचणीला आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. ती गप्प झाली होती. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता राज्याच्या शिबिराची यादी बंद व्हायची होती. आमचा अहवाल पाचच्या आत गेला आणि आकडा पंधराच्या खाली असला, तरच तिचं नाव यादीत. नाहीतर आणखी एक वर्ष. शंकरअण्णा मला एवढंच म्हणाले की घरात आता तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्यात, आणि या वेळी सांगावंही न लागता स्वतःच बाकावर जाऊन बसले.

नियमाप्रमाणे गोळे मीच लावले. दहाला चाचणी सुरू झाली. साध्या डोळ्यांनीसुद्धा हात बदललेला दिसत होता. काठीसारखा सरळ येत होता. आणि कॉम्प्युटर म्हणत होता सोळा. पुन्हा सोळा. सव्वासोळा. गिरीश माझ्याकडे बघायला लागला, मी पडद्याकडे. पलीकडे ती मुलगी चेंडू पँटला पुसत पुढच्या चेंडूसाठी उभी होती. आकडे आम्ही खेळाडूला दाखवत नाही, पण आमची तोंडं तिला दिसत होती.

तेवढ्यात संचालकांचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. निकाल काय, हेच त्यांना विचारायचं होतं. दहा मिनिटांनी परत आले तर पडद्यावर बारा. मी गिरीशला विचारलं, काय झालं? पोरीने काय बदललं?

गिरीश कानडी माणूस, पंधरा वर्षं माझ्याबरोबर काम केलेला, कधी खोटं न बोललेला. तो हिंदीत म्हणाला की तिने काहीच बदललं नाही. घामाने कोपराच्या आतल्या बाजूचा गोळा पडला, आणि वेळ जाऊ नये म्हणून त्याने तो परत लावला.

मी त्याला सगळ्यांच्या देखत झापलं. दारावरचा नियम बोट दाखवून वाचून दाखवला. हे सगळे चेंडू बाद कर, म्हटलं. तो गोळा काढून मी माझ्या जागी लावला, कावेरीला पुन्हा सहा चेंडू टाकायला लावले. सोळा. बघ, मी गिरीशला म्हटलं. तुझ्या बोटाचा फरक आहे हा. याच्यासाठीच नियम आहे.

तो म्हणाला, "मॅडम, फरक आहे हे कबूल. पण तुमचं बोट बरोबर आणि माझं चूक, हे कुठे लिहिलंय?"

मला फार राग आला. माझ्या नियमाने एवढीच खात्री मिळत होती, की मी दर वेळी त्याच जागी गोळा लावीन. ती जागा बरोबर आहे की नाही, हे नियमाने कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मी कावेरीचा हात माझ्या हातात घेतला आणि डोळे मिटून पुन्हा चाचपलं. कोपराच्या आतल्या बाजूला एक टणक उंचवटा असतो, ते आमच्या गोळ्याचं ठिकाण. तो होता. मग मी बोट तसंच खाली, मागच्या बाजूला सरकवलं. एका बोटाच्या रुंदीवर दुसरा उंचवटा होता, लहान, थोडा मागे कललेला. कोपराच्या एकाच बाजूला दोन उंचवटे नसतात.

मी दार उघडून शंकरअण्णांना आत बोलावलं आणि विचारलं, तुम्ही ऑगस्टमध्ये मला काय सांगत होता?

"बारीक असताना गच्चीच्या जिन्यावरून पडली होती, अक्का," ते म्हणाले. "कोपराच्या वरती हाड मोडलं. प्लास्टर घातलं, जुळलं. गाठ राहिली. तेवढंच सांगायचं होतं."

मोडलेलं हाड जुळताना तिथे हाडाचीच गाठ तयार झाली होती. माझ्या तयार बोटांना ती मोठी गाठ आधी लागली आणि बोटं तिथेच थांबली. ऑगस्टमध्ये थांबली, एप्रिलमध्येही थांबली.

दोन गल्ल्या पलीकडे एक्स-रे काढणारा दवाखाना होता. गिरीश कावेरीला घेऊन रिक्षाने गेला, मी घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घातल्या. अडीच वाजता ते परत आले. चित्रात सगळं स्वच्छ दिसत होतं: गाठ वर, खरं हाड खाली. गिरीशच्या बोटाने बरोबर जागा पकडली होती. खऱ्या जागी गोळा लावून आम्ही पहिल्यापासून सगळी चाचणी पुन्हा घेतली. बारा, साडेबारा, बारा. कावेरी सुटली होती. साडेतीन वाजले होते.

गिरीशने अहवाल टाईप करायला घेतला. मी हलत नाही हे बघून तो थांबला. माझ्या मनात काय चाललंय ते त्याला कळलं असावं, कारण तो हळू आवाजात म्हणाला की आजचा अहवाल अगदी खरा आहे, तो पाठवू. ऑगस्टचं आपल्याला कुणी विचारलेलं नाही.

खरंच कुणी विचारलेलं नव्हतं. विचारणारही नव्हतं. मुलगी आली तेव्हा दोषी होती, मेहनत करून सुधारली, आज पास झाली, अशी सुरेख गोष्ट तयार होती आणि त्यात सगळेच चांगले दिसत होते. मला निवृत्त व्हायला थोडेच महिने उरले होते. मी पंधरा-वीस मिनिटं नुसती बसून राहिले. तेवढा वेळ मला ते गिळून टाकायचं होतं, हे मी इथे लिहिते आहे कारण दुसऱ्या कुठल्या कागदावर ते लिहिलेलं नाही.

ऑगस्टची सगळी नोंद आमच्याकडे होती. ठिपके जसेच्या तसे साठवलेले असतात. एक्स-रेवरून गाठ आणि खरं हाड यांतलं अंतर काढून जुन्या नोंदीतला तो ठिपका तेवढा सरकवला, की कॉम्प्युटर सगळं नव्याने मांडतो. गिरीशने ठिपका सरकवला आणि बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. त्या अर्ध्या मिनिटात मी मनात म्हणत होते, पंधराच्या वर राहू दे. सोळा येऊ दे. म्हणजे तेव्हाही ती दोषीच होती असं ठरेल, आणि माझ्या बोटाने काही बिघडलं नाही असं होईल. एका मुलीने खरोखर नियम मोडलेला असावा अशी मी प्रार्थना करत होते. मला त्याची आजही लाज वाटते.

चौदा. दुसरा चेंडू, साडेतेरा. तिसरा, चौदा. त्या दिवसाच्या सगळ्या चेंडूंत एकही पंधराच्या वर गेला नाही.

मी दोन अहवाल लिहिले. एक आजचा. दुसरा ऑगस्टचा अहवाल मागे घेतल्याचा. संचालकांनी फोनवर सुचवलं की त्यात 'तांत्रिक फेरतपासणीनंतर' असं लिहावं. सूचना समजूतदारपणाची होती, आणि वाक्य खोटंही नव्हतं. मी लिहिलं, की गोळा मी चुकीच्या जागी लावला, त्यामुळे आकडा चुकला. पाचला वीस मिनिटं कमी असताना दोन्ही गेले. संचालक माझ्याशी पुढे बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलले.

कावेरीला सांगणं त्याहून अवघड होतं. ती जाजमावर मांडी घालून कोपराला लागलेला चिकटपट्टीचा डिंक खरवडत होती. आपण पास झालो हे तिला कळलं होतं आणि आठ महिन्यांनी ती पहिल्यांदा हसत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गाठ, बोट, अठरा, चौदा. एकही शब्द मागे ठेवला नाही.

तिने विचारलं, "म्हणजे मी पहिल्यापासून बरोबरच टाकत होती?"

मी हो म्हटलं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, चेंडू घेतला आणि जुन्या, लांब धावेच्या खुणेपाशी जाऊन उभी राहिली. अंगावर एकही गोळा नव्हता, कॅमेरे बंद होते. ती धावत आली आणि जुन्या हाताने टाकायला गेली. चेंडू बाजूच्या जाळीत गेला. दुसरा टप्पाच न पडता पलीकडे. तिसरा, चौथा. ना जुना ना नवा, मधलाच काहीतरी हात येत होता. शंकरअण्णा दारात उभे राहून बघत होते. मला काय चाललंय ते दिसत होतं, कारण हेच तर माझं शास्त्र. शरीर एक हालचाल हजारो वेळा करून पक्की करतं आणि तेवढीच मेहनत करून तिला पुसतंही. आठ महिने तिने रोज सकाळी ती पुसली होती, आणि पुसायला मी सांगितलं होतं.

मला जुना हात दाखवा, ती म्हणाली. मी ऑगस्टची नोंद लावली. काळ्या पडद्यावर काड्यांची मुलगी धावत आली, उडी मारली, हात डोक्यावरून फिरला. कावेरीने ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. नंतर पडद्यासमोर उभी राहून ती त्याच्याबरोबर हात फिरवायला लागली. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी तिने हात खाली सोडला.

"अक्का, तिथे येतो," पडद्याकडे बघत ती म्हणाली. "अंगात येत नाही."

ती नोंद मी तिला देऊन टाकली. तसं देता येत नाही. दिली.

शिबिरात तिची निवड झाली, पुढे ती राज्याकडून खेळली, अजून खेळते. नवा हात बरा आहे, टप्पा अचूक पडतो. लोक तिला भरवशाची गोलंदाज म्हणतात. निवृत्तीनंतर एकदा मी तिचा सामना बघायला गेले आणि शंकरअण्णांच्या शेजारी बसले. त्यांनी दुकानातून येताना माझ्यासाठी शेंगा आणल्या होत्या. शेवटचं षटक कावेरीचं होतं आणि समोरची मुलगी पुढे सरसावून खेळत होती. पूर्वीचा चेंडू असता तर ती फसली असती. हा सरळ गेला, तिने तो उचलून सीमेबाहेर टाकला आणि सामना संपला. मैदानातल्या पोरी एकमेकींच्या पाठीवर थोपटत परत यायला लागल्या.

शंकरअण्णांनी मला विचारलं, "अक्का, पहिले वळत होता न?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते खरंच विचारत होते, जणू इतक्या दिवसांनी त्यांनाच खात्री राहिली नव्हती.

"वळत होता, अण्णा," मी म्हटलं. "आणि नियमात होता."